ग्रामसभेत बोललेले वहीत का उतरत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामपंचायतींविषयी गोव्यातील वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुतेक वेळा किनारी भागातील मोठ्या गावांचे असते. तेथील बांधकाम परवाने, सरपंचांवरील अविश्वास ठराव, ग्रामसभेतली हमरीतुमरी यांना बातमीमूल्य असते, हे मान्य. आमच्या डिचोली तालुक्यातील आतल्या बाजूच्या सात पंचांच्या पंचायतीत असे काही क्वचितच घडते. येथे चर्चेला येतो तो महिनाभर न पेटलेला पथदीप, गाळाने भरलेला व्हाळ (ओढा), स्मशानभूमीच्या शेडचे वाऱ्याने उडालेले पत्रे, गव्यांनी रात्रीत तुडवलेले पीक आणि सुका कचरा न्यायला येणाऱ्या गाडीचा न पाळला जाणारा वार. या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या एकाच गोष्टीविषयी मला लिहायचे आहे. ग्रामसभेत लोक जे बोलतात आणि तेथे जे ठरते ते वहीत कोण लिहितो, केव्हा लिहितो आणि कोणत्या भाषेत लिहितो?

हा प्रश्न कारकुनी वाटेल, परंतु छोट्या पंचायतीच्या हाती प्रत्यक्षात काय असते ते पाहिले तर तो तसा राहत नाही. पंचायत घरपट्टी गोळा करते, दुकानांना व्यापार परवाना देते, घरबांधणीचा परवाना देते, जन्म-मृत्यूची नोंद ठेवते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी पंचायतींना जे अनुदान ठरवून दिले त्यातला ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता, म्हणजे उरलेल्या ४० टक्क्यांतच गावाला आपल्या मनाप्रमाणे काही करता येणार. बाकी गावचे बहुतेक प्रश्न दुसऱ्याच खात्यांच्या दारात जातात. पथदीप वीज खात्याकडे, मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, व्हाळ आणि बंधारा जलस्रोत खात्याकडे, गवे आणि माकडे वन खात्याकडे, डोंगरकापणी आणि सखल जमिनीतला भराव नगरनियोजन खात्याकडे. अशा वेळी पंचायतीच्या हातात खरे हत्यार एकच उरते, ते म्हणजे ठराव. कोणत्याही खात्यात गेले की टेबलापलीकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘पंचायतीचा ठराव आहे का?’ ठराव म्हणजे इतिवृत्ताच्या वहीतली चार वाक्ये. ती नीट लिहिली गेली नाहीत तर गावाने त्या रविवारी तीन तास घसा कोरडा केला तो वाया गेला असे समजावे.

गोवा पंचायत राज कायदा, १९९४ प्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या एखाद्या रविवारी ग्रामसभा भरते. त्याखेरीज प्रजासत्ताक दिनासारख्या दिवशी खास ग्रामसभाही होतात. आमच्याकडील पद्धत अशी की सचिव सभेत एका सुट्या कागदावर टिपणे घेतात, पुढील काही आठवड्यांत त्यांवरून इंग्रजीत इतिवृत्त तयार होते, आणि तीन महिन्यांनी भरणाऱ्या पुढच्या ग्रामसभेच्या आरंभी ते वाचून ‘कायम’ केले जाते. वाचन दोन-तीन मिनिटांत उरकते. मंडपात त्या वेळी खुर्च्या लावणे, सहीची वही फिरवणे आणि चहाची व्यवस्था चालू असते. सरपंच विचारतात, ‘कायम?’ पुढच्या रांगेतून दोघे-तिघे ‘कायम’ म्हणतात आणि पुढचा विषय सुरू होतो. मी प्राथमिक शिक्षक म्हणून तीस वर्षे नोकरी केली, इंग्रजी वाचता येते, आणि तरीही मी स्वतः कित्येक वेळा न ऐकता त्या ‘कायम’मध्ये माझा आवाज मिसळलेला आहे, हे येथे कबूल करणे भाग आहे.

ज्या प्रसंगामुळे माझे डोळे उघडले तो सांगतो. एका ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमच्या वाड्यावरील साठीच्या एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांच्या घराच्या वरच्या अंगाला असलेल्या शेतात कोणीतरी ट्रकांनी माती आणून टाकली होती आणि व्हाळाची एक बाजू त्याखाली दबली होती. ‘व्हाळाक वाट उरूंक ना. पावसांत उदक आमच्या गोठ्यांत सरतलें,’ म्हणजे पावसात पाणी गोठ्यात शिरेल, असे त्या म्हणाल्या. पाठोपाठ आणखी चार-पाच जण बोलले. कोणी सांगितले की सखल जमिनीत भराव घालायचा तर नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागते, ती आहे का ते पंचायतीने पाहावे. कोणी म्हणाले, पंचांनी जागेवर जाऊन पाहणी करावी आणि पंधरा दिवसांत खात्याला पत्र पाठवावे. सरपंचांनी हे मान्य केले, टाळ्याही पडल्या. आम्ही सारे घरी गेलो ते ठराव झाला या समजुतीने.

पुढच्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात त्यांच्या गोठ्यात गुडघाभर पाणी आले. त्या खात्याकडे अर्ज घेऊन गेल्या तेव्हा त्यांना ठरावाची प्रत आणायला सांगण्यात आले. मी त्यांच्याबरोबर पंचायतीत गेलो. प्रत सहजासहजी मिळाली नाही, म्हणून माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज केला, आणि तीस दिवसांची मुदत संपायला दोन दिवस असताना ती हातात आली. तीन तासांच्या सभेचे इतिवृत्त दीड पानाचे होते. भरावाच्या विषयाला त्यात एक इंग्रजी वाक्य मिळाले होते, त्याचा अर्थ असा : पाण्याच्या निचऱ्याबाबत विचारणा करण्यात आली व अध्यक्षांनी लक्ष घालण्याचे आश्वासन दिले. भराव हा शब्द नाही, व्हाळ नाही, सर्व्हे क्रमांक नाही, पाहणी नाही, पंधरा दिवस नाहीत. बाईंचे नावही नाही. ‘एका सदस्याने’ एवढेच. आणि हे इतिवृत्त जानेवारीत आम्हा सर्वांच्या संमतीने कायम झाले होते. त्या सभेला त्या बाई स्वतः हजर होत्या, त्यांनी ते वाचन ऐकलेही होते, फक्त त्यांना ते कळण्याची सोय नव्हती.

यात सचिवांनी कोणाच्या सांगण्यावरून विषय गाळला असा माझा आरोप नाही. आमच्या सचिवांकडे शेजारच्या पंचायतीचाही अतिरिक्त ताबा आहे, ते आठवड्यातले अर्धे दिवसच येथे असतात, जन्माच्या दाखल्यापासून न्यायालयाच्या नोटिशीपर्यंतचे सर्व कागद त्यांच्याच सहीने निघतात, आणि कोकणीत चाललेली गडबडीची चर्चा ऐकून तिचे तीन आठवड्यांनी इंग्रजीत रूपांतर करायचे काम त्यांना एकट्याने करावे लागते. असे रूपांतर करताना माणूस आपोआप सुरक्षित वाक्यांकडे वळतो. ‘लक्ष घालण्याचे आश्वासन दिले’ हे वाक्य कोणत्याही विषयाला बसते आणि कोणालाच अडचणीत आणत नाही. मी नंतर मागच्या दोन वर्षांची इतिवृत्ते मागवून पाहिली, तेव्हा स्मशानभूमीच्या पत्र्यांपासून गव्यांच्या उपद्रवापर्यंत जवळपास प्रत्येक विषय याच वाक्याने संपलेला आढळला. दोष एका व्यक्तीचा असता तर बदलीने प्रश्न सुटला असता.

येथे भाषेचा मुद्दा येतोच. मराठी की कोकणी हा वाद मला या पत्रात मुळीच आणायचा नाही. तो आणला की मूळ विषय बाजूला राहतो, हे आपण गोवेकरांनी पुष्कळदा अनुभवले आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरवली आणि शासकीय कामकाजासाठी मराठीचा वापर करण्याचीही मुभा दिली. म्हणजे दोहोंपैकी कोणत्याही भाषेत, एकाच लिपीत, इतिवृत्त लिहायला कायद्याची आडकाठी नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्ये तर सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून प्रसिद्ध करावयाची माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा असे स्पष्ट म्हटले आहे. गोव्याने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच, म्हणजे केंद्राच्या आठ वर्षे आधी केला होता. त्याच राज्यात ग्रामसभेचा सदस्य स्वतःच्या बोलण्याची नोंद वाचण्यासाठी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला शोधत फिरतो.

पूर्वी असे नव्हते, हे मी जुन्या दिवसांच्या ओढीने म्हणत नाही. गोवामुक्तीनंतर १९६२ मध्ये आपल्याकडे पंचायती आल्या. आमच्या पंचायतीच्या जुन्या कपाटातल्या सत्तरीच्या दशकातील दोन वह्या मला एकदा चाळायला मिळाल्या होत्या. शाईच्या टाकाने लिहिलेले मराठी, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ (शिक्षकाच्या नजरेला त्या आधी दिसतात), परंतु प्रत्येक ठरावात जागा, माणूस, रक्कम आणि मुदत नोंदलेली. ‘वरच्या वाड्यावरील विहिरीचा कठडा दिवाळीपूर्वी बांधून घ्यावा’ इतक्या थेट भाषेत. प्रत्येक सभेच्या अखेरीस ‘सभेत वाचून दाखविले व सर्वांस मान्य’ अशी ओळ, आणि तिच्याखाली सह्या नि अंगठे. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांना आपण कशाखाली अंगठा देतो हे निदान कानांनी ठाऊक होते. त्याहून मागे जायचे तर गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावकरी संस्थेतही लेखनिकाचे स्थान महत्त्वाचे होते. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ मध्ये गावकरीचे रीतिरिवाज लिहून काढले त्यात गावच्या लेखनिकाचा उल्लेख येतो, आणि आपल्याकडे त्याला कुळकर्णी म्हणत. त्या व्यवस्थेत बायका आणि गावकर नसलेली माणसे यांना बोलण्याचा हक्क नव्हता, तेव्हा ती परत यावी असे कोणी म्हणू नये. आज मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य आहे, ही राज्यघटनेच्या कलम २४३ ने दिलेली गोष्ट आहे. बोलण्याचा हक्क इतका विस्तारल्यावर नोंद मात्र पूर्वीहून अंधुक झाली, हे विचित्र आहे.

मी गेल्या जानेवारीच्या ग्रामसभेत सुचवले की मागचे इतिवृत्त कायम करण्यापूर्वी मी ते कोकणीत समजावून सांगतो, दहा मिनिटांहून जास्त वेळ घेणार नाही. तशी तरतूद नाही असे उत्तर मिळाले. तशी मनाईदेखील नाही, हे मला घरी पोहोचल्यावर सुचले; सभेतल्या उत्तरांचे असेच होते. मग मी माझ्याच वहीत टिपणे घ्यायला सुरुवात केली. आता वाड्यावरील तिघे-चौघे घेतात, परंतु आमच्या टिपणांना कोणत्याही खात्याच्या टेबलावर किंमत नाही, आणि ती नसावी हे योग्यच आहे. उद्या गावात दोन गट पडले तर दोन वह्या निघतील. अधिकृत वही एकच हवी, आणि तीच विश्वासार्ह हवी.

त्यासाठी फार मोठे काही करावे लागेल असे मला वाटत नाही. प्रत्येक विषय संपला की अध्यक्षांनी तो ठराव एका-दोन वाक्यांत मोठ्याने सांगावा, सचिवांनी तो त्याच वेळी देवनागरीत वहीत उतरवावा, आणि सभा विसर्जित होण्यापूर्वी सर्व ठराव सलग वाचून दाखवावेत. विषयावर कोण काय बोलले याचे लांबलचक वर्णन नसले तरी चालेल. ठरावात मात्र कोणती जागा, कोणी करायचे, कोणत्या खात्याला लिहायचे आणि कधीपर्यंत, एवढे असलेच पाहिजे. आठ दिवसांत त्याची प्रत सूचनाफलकावर लावावी. आमच्या फलकाची काच फुटलेली आहे, ती आधी बदलावी. पुढील ग्रामसभेत जुने इतिवृत्त नुसते कायम न करता प्रत्येक ठरावापुढे काय झाले ते सांगावे. पत्र पाठवले असेल तर त्याची तारीख, उत्तर आले नसेल तर ‘उत्तर नाही’ असे. वरिष्ठ कार्यालयाला किंवा न्यायालयाला इंग्रजी प्रत लागत असेल तर तेवढ्या ठरावाचे भाषांतर जोडावे. त्यासाठी सबंध गावाने इंग्रजीत ऐकत बसण्याचे कारण नाही. गटविकास अधिकारी कार्यालयातील कर्मचारी आपल्याच भागातले असतात, त्यांना देवनागरी वाचायला त्रास होईल असे वाटत नाही.

यावर मला दोन आक्षेप ऐकायला मिळाले. पहिला असा की सभा आधीच लांबते, त्यात वाचनाची भर कशाला. ठराव वाचायला फार तर पाव तास लागेल. शिवाय वाचून दाखवणार आहेत हे माहीत असले की तेच तेच पुन्हा बोलण्याची गरज कमी होते, कारण माणूस पुन्हा उठतो तो बहुधा आपले म्हणणे नोंदवले गेले की नाही या शंकेने. दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटला. एका माजी पंचांनी तो खासगीत सांगितला. ठराव इतका स्पष्ट लिहिला तर पंच अडकतात, कारण खाते काम करत नाही आणि शिव्या पंचांना बसतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पथदीपासाठी पाच पत्रे लिहूनही तो पेटला नाही तर लोक वीज खात्याच्या कार्यालयात जात नाहीत, सरपंचांच्या अंगणात येतात. पण अशा वेळी पंचांचा बचाव त्याच वहीत आहे. अमुक तारखेला ठराव झाला, अमुक तारखेला पत्र गेले, अजून उत्तर नाही, असे ते गावासमोर दाखवू शकतील. ‘लक्ष घालण्याचे आश्वासन दिले’ या वाक्याने आज त्यांचा बचाव होत असेल, पण त्यांनी खरोखर पत्र पाठवले असले तरी त्याचे श्रेय त्यांना मिळत नाही.

केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सभासार’ नावाची एक संगणकीय सोय सुरू केली आहे. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण दिले की ती इतिवृत्ताचा मसुदा तयार करून देते, आणि तिच्या भाषांत मराठीही आहे. काही पंचांना वाटते की आता हा प्रश्न आपोआप सुटेल. मला तितकी खात्री नाही. आमच्या मंडपातला ध्वनिक्षेपक, एकाच वेळी बोलणारे चौघे, अर्धे वाक्य कोकणीत आणि अर्धे मराठीत, वर पत्र्यावर पडणारा जुलैचा पाऊस, यातून यंत्र काय ऐकेल ते पाहावे लागेल. सचिवांचा भार त्याने हलका होणार असेल तर ती सोय अवश्य वापरावी. परंतु यंत्राने लिहिलेलेही सभेत वाचून दाखवावे लागेलच; नाही तर पूर्वी सचिवांवर विश्वास ठेवून ‘कायम’ म्हणत होतो, आता यंत्रावर ठेवून म्हणू.

हे आत्ताच लिहिण्याचे एक कारण आहे. राज्यातील १९१ पंचायतींपैकी १८६ पंचायतींची निवडणूक १० ऑगस्ट २०२२ रोजी झाली, त्यांची पाच वर्षांची मुदत २०२७ मध्ये संपते. त्याआधीही सरपंच बदलतात. आमच्याकडे या मुदतीत तिघे झाले, आणि ते आपसांत ठरवून झाले हे लहान मुलांनाही ठाऊक आहे. नवीन माणूस आला की त्याला मागचे काही माहीत नसते, आणि मागच्याने काय कबूल केले होते हे सांगणारी एकच गोष्ट पंचायतीत शिल्लक असते, ती वही. पंचायत संचालनालयाने एक साधे परिपत्रक काढून ठराव सभेतच देवनागरीत लिहिणे आणि वाचून दाखवणे सर्व पंचायतींना बंधनकारक केले, तर प्रत्येक गावाला आपापल्या सरपंचांशी स्वतंत्रपणे वाद घालावा लागणार नाही. पत्राच्या निमित्ताने मी संचालनालयाला तशी जाहीर विनंती करतो. ज्या पंचायतींत ही पद्धत आधीपासून आहे तेथील वाचकांनी आपला अनुभव याच स्तंभात कळवला तर आम्हालाही दाखवायला उदाहरण मिळेल.

त्या बाईंच्या घराच्या वरच्या शेतातला भराव अजून तसाच आहे. यंदाच्या पावसापूर्वी त्यांच्या मुलाने गोठ्यापुढे चिऱ्यांचा दोन फूट बांध स्वतःच्या खर्चाने घातला. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत भरावाचा विषय पुन्हा घ्यावा आणि त्यावरचा ठराव सभेतच वाचून दाखवावा, असा अर्ज आम्ही अठरा जणांनी सही करून पंचायतीत दिला आहे. अर्ज मराठीत आहे. त्याची पोच शिक्क्यासह मिळाली; विषयपत्रिकेत तो कितवा लागतो, की ‘इतर विषयां’त जातो, ते नोटीस लागल्यावर कळेल.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
डिचोली तालुका